हायब्रिड गाडीत ०डब्ल्यू-१६ की जाड ऑईल? (इंदूर, पण बाकीच्यांनीही लिहा)

लोकमान्यनगरवाली (इंदूर)
नमस्कार मंडळी. आमच्याकडे टोयोटाच्या इंजिनाची दीड लिटरची स्ट्राँग हायब्रिड (थोडा वेळ नुसत्या बॅटरीवरही चालणारी) आहे. वर्ष पुरं होत आलंय, पण रनिंग अगदीच कमी. घर ते पलासिया, संध्याकाळी कधी राजवाडा, अधूनमधून उज्जैन. आता ऑईल बदलायची वेळ आली आहे. सर्व्हिसची मजुरी फुकट असली तरी ऑईल-फिल्टरचे पैसे आपलेच, म्हणून घराजवळच्या ओळखीच्या गॅरेजवाल्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "ताई, ये पानी जैसा तेल इंदौर की गर्मी में नहीं टिकेगा, फाइव्ह डब्ल्यू थर्टी डलवा लो." मॅन्युअलमध्ये तर ०डब्ल्यू-१६ छापलंय. यांचं म्हणणं वेगळंच. हायब्रिडचं इंजिन निम्मा वेळ बंदच असतं, मग दहा हजार किलोमीटरऐवजी वीस हजारांवर बदललं तरी चालेल. गॅरेजवाला बरोबर, हे बरोबर, की मॅन्युअल? ज्यांच्याकडे हायब्रिड आहे त्यांनी जरूर लिहा. नसेल त्यांनीही लिहा, लिहिणारच आहात म्हणा.

शंकासुर (बडोदा)
हायब्रिड नाही, तरी लिहितो. 😄
गॅरेजवाल्याचं पटतं. आमच्या घरी अँबेसेडर होती, तिच्यात वडील २०डब्ल्यू-४० घालायचे आणि ती म्हातारी शेवटपर्यंत धावली. हे सोळा-वीसचं खूळ मायलेजच्या आकड्यांसाठी आहे. सरकारचे कॅफे नियम (कंपनीच्या गाड्यांनी सरासरी किती इंधन खावं याचे) २०१७ पासून आले, २०२२ पासून आणखी कडक झाले, तेव्हापासून कंपन्यांना थेंबाथेंबाचा हिशोब सुचला. इंजिन लवकर गेलं तर भुर्दंड आपल्याला.

लष्करकर (ग्वाल्हेर)
माझ्याकडे होंडाची हायब्रिड सेडान आहे, मला ०डब्ल्यू-२० सांगितलंय. तेच घालतो. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर जातं, अजून तरी कुरकुर नाही. बाकी जाणकार सांगतीलच.

कोयलीकर (बडोदा)
शंकासुर, तुमच्या वडिलांचं अँबेसेडरपुरतं अगदी बरोबर होतं. त्या इंजिनाच्या बेअरिंगमधली फट मोठी, पंप जुन्या धाटणीचा, त्याला जाडच तेल हवं. आजच्या इंजिनाच्या फटी आणि तेलाच्या वाटा पातळ तेल धरूनच आखलेल्या असतात. कॅफेचा मुद्दा खोटा नाही. पातळ तेलाने इंधन वाचतं, म्हणूनच कंपन्या तिकडे वळल्या. पण तेल पातळ करायचं ठरवल्यावर त्यांनी इंजिनही त्याप्रमाणे बनवलं. नुसता डबा बदलला नाही.

माझी नोकरी कोयलीच्या रिफायनरीत गेली, त्यामुळे हा विषय निघाला की हात शिवशिवतात. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिला घोळ उन्हाचा. बाहेर ४४ असो की २४, इंजिनातल्या तेलाला त्याची फारशी फिकीर नसते. इंजिन तापलं की थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून कूलंट साधारण ८० ते ९५ अंशांत धरून ठेवतात, तेलही त्याच आसपास किंवा थोडं वर असतं. पंखा जास्त वेळ फिरेल एवढंच. उन्हाळ्यात जाड आणि हिवाळ्यात पातळ ही पद्धत एकाच ग्रेडच्या तेलाच्या जमान्यातली. तेव्हा ती योग्यच होती.

आता आकडे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ०डब्ल्यूची थंड इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३५ अंशांवर घेतात, ५डब्ल्यूची उणे ३०, २०डब्ल्यूची उणे १५. इंदूरला काय किंवा बडोद्याला काय, तिथवर जायची वेळ येणार नाही. आपल्या कामाचा तो नंतरचा आकडा. १०० अंशांवर १६ ग्रेडची दाटी ६.१ ते ८.२ सेंटीस्टोक्स, २० ची ६.९ ते ९.३, ३० ची ९.३ ते १२.५. म्हणजे १६ आणि २० शेजारी आहेत, चक्क एकमेकांत शिरलेले. ३० एकदम पुढच्या गल्लीत. आणि बेअरिंगमध्ये तेल चिरडलं जातं तेव्हाची दाटी १५० अंशांवर वेगळी मोजतात. तिथे १६ ला किमान २.३, २० ला २.६, ३० ला २.९ लागते, एकक मिलिपास्कल-सेकंद. कंपनीने इंजिन २.३ वर चालवून पास केलं असेल तर २.९ घालून त्याचं आयुष्य वाढेल असं नाही. पंपाला जोर लागतो, मायलेज घसरतं, आणि तेलाच्या दाबावर चालणारी व्हॉल्व्ह टायमिंगसारखी यंत्रणा असेल तर तिला तेल आळसावून पोचतं.

१६ ही ग्रेड एसएईने (तेलाच्या या ग्रेड ठरवणारी अभियंत्यांची संस्था) २०१३ मध्ये आणली, म्हणून जुन्या मेकॅनिकांना ती परकी वाटते. त्यांचा दोष नाही, पण मॅन्युअल उघडून पाहायला हरकत काय?

शंकासुर
काका, आकडे मान्य. पण "कंपनीने पास केलं" म्हणजे जपानच्या थंडीत. आपल्या उन्हात कुणी चालवून बघतं का?

पीथमपूरचा पोरगा
भिया, आपल्या अंगणातच नॅट्रॅक्स आहे, गाड्यांची चाचणी घेणारं केंद्र! पीथमपूरला, ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक, २०२१ पासून सुरू. मेच्या उन्हात त्या ट्रॅकवर काय होतं ते आम्ही बाहेरून बघतो. अमुक गाडी तिथे चालवली की नाही हे मी सांगणार नाही, पण इंडियातलं ऊन कंपन्यांना माहीतच नाही हे काही पटत नाही बुवा.

लोकमान्यनगरवाली
कोयलीकर काका, खूप आभार. एक शंका. ०डब्ल्यू-१६ मिळालंच नाही तर? आमच्या इथल्या दोन दुकानांत "वो तो शोरूम में ही मिलेगा" म्हणाले.

कोयलीकर
टोयोटाच्या परदेशी मॅन्युअलमध्ये याचं उत्तर छापलेलंच आहे. ०डब्ल्यू-१६ नसेल तर ०डब्ल्यू-२० चालेल, मात्र पुढच्या बदलाला परत ०डब्ल्यू-१६ वर यायचं. सतत खूप वेगात किंवा फार ओझं घेऊन चालवायची असेल तर जास्त दाटीचं तेल अधिक योग्य ठरू शकतं, असंही त्याच पानावर आहे. म्हणजे कंपनी हट्टी नाही. तुमचं भारतातलं मॅन्युअल काय म्हणतं ते त्या पानावर बघा आणि तेच अंतिम धरा. पण एक घर पुढे सरकणं वेगळं आणि थेट ५डब्ल्यू-३० वर उडी मारणं वेगळं.

घेताना डब्यावरचं एपीआयचं (अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचं) गोल चिन्ह बघा, त्यात "एसपी" हवं. हा दर्जा २०२० मध्ये आला. २०२५ पासून त्याच्या पुढचा "एसक्यू" आलाय, तो दिसला तर उत्तमच. १६ ग्रेडसाठी आयएलएसएसीचा (गाडी कंपन्यांच्या तेल-दर्जा समितीचा) "जीएफ-६बी" हा निराळा वर्ग आहे आणि त्याचं चिन्हही निराळं, ढालीच्या आकाराचं. निराळं अशासाठी की कुणी चुकून जुन्या इंजिनात ओतू नये.

घाटरस्ता (इंदूर)
स्ट्राँग हायब्रिडच ना नक्की? कारण एकाच मॉडेलमध्ये दोन प्रकार येतात आणि लोक दोघांनाही हायब्रिडच म्हणतात. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडर घ्या. स्ट्राँगमध्ये टोयोटाचं तीन सिलिंडरचं इंजिन, माइल्डमध्ये सुझुकीचं चार सिलिंडरचं. माइल्डवाल्यांना या धाग्यातलं निम्मं लागू नाही, त्यांची गाडी निव्वळ बॅटरीवर चालतच नाही. सिग्नलला बंद पडते आणि सुटताना मोटर थोडा हात देते, संपलं. काउंटरवर फिल्टर मागताना नुसतं मॉडेलचं नाव सांगू नका, नाहीतर भलताच फिल्टर हातात पडेल. चेसिस नंबर सांगा.

लोकमान्यनगरवाली
स्ट्राँगच. सुटताना आवाजच येत नाही, पार्किंगमधली मांजरंसुद्धा हलत नाहीत.

पाना_पक्कड (इंदूर)
आता माझं ऐका. माझं छोटं वर्कशॉप आहे, म्हणून हे "गॅरेजवाले सगळे अडाणी" छाप प्रतिसाद वाचून जरा पोटात दुखलं. 😀 पण या बाबतीत तुमचा गॅरेजवाला चुकतोय, हे कबूल.

यजमानांच्या हिशोबाचं मात्र जरा बघू. इंजिन निम्मा वेळ बंद असतं हे खरं. म्हणून तेल दुप्पट टिकेल हे खरं नाही, आणि शहरातल्या गाडीत तर मुळीच नाही. लोकमान्य नगर ते पलासिया म्हणजे अंतर ते किती! त्यात अर्धा रस्ता बॅटरीवर. इंजिन सुरू होतं, मिनिटभर चालतं, बंद होतं, पुन्हा सुरू. पूर्ण गरम व्हायच्या आतच घर येतं. थंड इंजिनात पेट्रोल जास्त सोडलं जातं, त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरतं. जळण्यातून पाण्याची वाफ होते, तीही थंड इंजिनात निवून तेलात मिसळते. तेल नीट तापलं तर हे दोन्ही उडून जातं. तापलंच नाही तर साचत राहतं. पावसाळ्यात कमी चालणाऱ्या गाडीचं ऑईल भरायचं झाकण उघडा, आतून कधी कधी पिवळट-पांढरा लोण्यासारखा थर दिसतो. तो बघून लोक हेड गॅस्केट गेलं म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा तो हाच ओलावा असतो. कूलंट कमी होत असेल तर मात्र घाबरा.

टोयोटा म्हणा, मारुती म्हणा, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते. हायब्रिड म्हणून वेगळी सूट कुणी दिलेली नाही. तुमच्यासारख्या रनिंगला वर्षाचा नियम आधी लागतो. किलोमीटर बघूच नका, कॅलेंडर बघा. आणि आठवड्यातून एकदा गाडी बायपासला नेऊन अर्धा तास नीट चालवा. आमच्या गिऱ्हाइकांना सांगतो, राऊला चक्कर मारून या, तेवढीच हवापालट.

शंकासुर
म्हणजे जो कमी गाडी चालवतो त्याने ऑईल लवकर बदलायचं. अजब न्याय.

पाना_पक्कड
किलोमीटरच्या हिशोबाने लवकर, हो. वर्षाचं वर्षालाच.

घाटरस्ता
माझं उलट आहे. महिन्यातून दोनदा तरी एबी रोडने मानपूर, धामनोदकडे किंवा सिमरोल-चोरलवरून खंडव्याकडे जाणं होतं. उतारावर एक गंमत होते. बॅटरी पूर्ण भरली की रीजनला, म्हणजे उतारावर मोटरने वेग धरून बॅटरी भरण्याला, जागा उरत नाही. मग गिअरचा दांडा "बी" मध्ये टाकला की मोटर इंजिनाला पेट्रोलशिवाय नुसतं फिरवत बसते, ब्रेक वाचावेत म्हणून. आवाज असा चढतो की शेजारी बसलेल्याला वाटतं गाडी रागावली. पहिल्यांदा मीही थांबून बॉनेट उघडायच्या बेतात होतो. यात इंजिनाला त्रास होतो का?

कोयलीकर
नाही. जळणच नाही, म्हणजे काजळी नाही, पेट्रोल तेलात उतरायचं कारण नाही. पंप इंजिनाबरोबर फिरतोय, तेल सगळीकडे पोचतंय. याच तंत्राचा दुसरा फायदा सुरू होतानाचा. या गाड्यांना वेगळा स्टार्टर नसतो, जनरेटर-मोटरच इंजिनाला आधी चांगलं गरागरा फिरवते आणि मग पेट्रोल सोडलं जातं. दिवसभरात इतक्यांदा सुरू-बंद होऊनही बेअरिंग तग धरतात ते यामुळे, आणि चटकन पोचणाऱ्या पातळ तेलामुळे.

लष्करकर
मी या वेळी घरीच बदलायचा विचार करतोय. आधीच्या गाड्यांचं केलेलं आहे. हायब्रिडमध्ये वेगळं काय सांभाळायचं?

पाना_पक्कड
वॉरंटीत असेल तर अधिकृत ठिकाणीच करा, निदान बिलं आणि डब्याच्या बॅच नंबरचे फोटो ठेवा. उद्या इंजिनाचा क्लेम करायची वेळ आली तर पहिला प्रश्न सर्व्हिसच्या नोंदीचाच येतो.

तरीही करणारच असाल तर सगळ्यात आधी हे. आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे, असं हायब्रिडमध्ये धरायचं नाही. डॅशवर हिरवं "रेडी" पेटलेलं असेल तर इंजिन मनात येईल तेव्हा सुरू होऊ शकतं. एसी चालू राहिला, बॅटरी थोडी उतरली, झालं. तुम्ही खाली पडलेले, ड्रेन प्लग काढलेला, तेल ट्रेमध्ये आणि वर इंजिन सुरू! हातही जाईल आणि इंजिनही. म्हणून गाडी पूर्ण बंद, रेडी विझलेलं, आणि स्मार्ट की खिशात नाही तर घरात नेऊन ठेवायची. पोरं येताजाता बटण दाबतात.

दुसरं, तेल गरम असताना काढा म्हणतात, तर इथे कॉलनीत फेरी मारून उपयोग नाही. ती फेरी बॅटरीवरच होते आणि तेल थंडच्या थंड. पंधरा-वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवा, इंजिन लागलेलं कानाने ऐका. मग दहा मिनिटं थांबून काढा, नाहीतर हात पोळतील.

तिसरं महत्त्वाचं. खाली दोन प्लग दिसतील. एक इंजिनाच्या चेंबरचा, दुसरा ट्रान्सअॅक्सलचा, म्हणजे हायब्रिडच्या मोटर बसवलेल्या गिअरबॉक्सचा. एका गॅरेजात (नाव नको) माझ्या मेव्हण्याच्या गाडीचं ट्रान्सअॅक्सलचं तेल काढलं आणि वरून इंजिनात नवं ओतलं. म्हणजे इंजिनात दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा. तेलाच्या रंगावरून कळतं. इंजिनाचं काळपट निघतं, दुसरं बरंच स्वच्छ. स्वच्छ तेल यायला लागलं तर प्लग तिथेच परत बसवा आणि आधी नीट बघा.

फिल्टर काढल्यावर जुनी रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, ते बोट फिरवून बघा. तिच्यावर नवी बसली की सगळं तेल रस्त्यावर. नव्या रिंगला बोटाने थोडं तेल लावा. प्लगचा वॉशर नवाच घाला, चार पैशांची वस्तू आहे. प्लग हाताने आटे बसवून मग पान्याने, मॅन्युअलमधल्या टॉर्कएवढाच. चेंबर अॅल्युमिनियमचं, जोर काढला की आटे गेलेच.

नारिंगी केबल दिसल्या की हात लांब, त्या हायब्रिड बॅटरीच्या जास्त दाबाच्या विजेच्या. ऑईल बदलताना त्यांच्याशी आपलं काही काम नाही.

लष्करकर
आणि लीकेज बघायला इंजिन सुरू कसं ठेवायचं? माझं तर सुरूच होत नाही, रेडी होऊन गप्प.

पाना_पक्कड
टोयोटात "पी" मध्ये ठेवून अॅक्सिलरेटर हलका दाबला की बहुधा सुरू होतं. मेंटेनन्स मोडही असतो, पेडल ठरावीक क्रमाने दाबायचं, तो क्रम वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळतो. होंडाचं तुमच्या मॅन्युअलमध्येच बघा, माझ्याकडे त्या गाड्या कमी येतात. मिनिटभर चालवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा, सपाट जागेवर डिपस्टिक बघा. ओततानाच सांगितल्यापेक्षा थोडं कमी ओता आणि मग वाढवत न्या. वरच्या खुणेच्या वर गेलं तर फेस होतो आणि पंप हवा ओढतो. सर्व्हिसचा इशारा रीसेट करायला विसरू नका.

मधुमालती (बडोदा)
ट्रान्सअॅक्सलचं तेल तर "लाइफटाइम" ना?

कोयलीकर
शोरूम तसं म्हणतं. त्या तेलाला दुहेरी काम असतं, गिअरांना वंगण आणि मोटरच्या गुंडाळ्यांना थंडावा. विजेच्या तारांना लागून असतं म्हणून ते विद्युतरोधकही असावं लागतं. त्यामुळे तिथे "कुठलंही चांगलं गिअर ऑईल" अजिबात घालायचं नाही, कंपनीचंच. गाडी जुनी होईपर्यंत ठेवणार असाल तर एकदा बदलून घ्या, हे माझं मत. दोन-तीन वर्षांत विकणार असाल तर सोडून द्या.

पीथमपूरचा पोरगा
आणि ड्रममधलं सुटं ऑईल नको. "कंपनी का ही है" म्हणून मापाने ओततात. डबा आपल्यासमोर फोडायला लावा, सील बघा, आणि रिकामा डबा झाकणासकट घरी आणा. ब्रँडेड रिकामे डबे विकत घेणारे फिरतात, का घेतात ते समजून घ्या.

लोकमान्यनगरवाली
ठरलं. ०डब्ल्यू-१६, वर्ष भरायच्या आत, अधिकृत ठिकाणी, डबा समोर फोडून. यांना धागा वाचायला दिला. "कॅलेंडर बघा" वर बोट ठेवून गप्प बसले आहेत. लष्करकर, तुम्ही घरी करणार तर जुन्या तेलाचं काय करता? इथे कचऱ्याच्या गाडीत टाकलं तर गाडीवालाच ओरडेल. सहा प्रकारात कचरा वेगळा करायला लावणारं शहर आहे हे!

लष्करकर
आधी ओळखीच्या सुताराला द्यायचो, लाकडाला वाळवीसाठी लावायचा.

कोयलीकर
आता नका देऊ. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं, त्यात जड धातू आणि जळक्या तेलाचे अंश असतात, घरातल्या लाकडाला तर मुळीच लावू नये. २०२४ च्या एप्रिलपासून ते गोळा करण्याची जबाबदारी तेल कंपन्यांवरही टाकली आहे. नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यात भरा, पाणी मिसळू देऊ नका, आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. त्यांचं एवीतेवी पुनर्वापरवाल्याकडे जातच असतं.

पाना_पक्कड
लोकमान्यनगरवाली ताई, जाताच आहात तर हायब्रिड बॅटरीच्या हवेची जाळीही साफ करून घ्या. बऱ्याच हायब्रिड गाड्यांत ती मागच्या सीटच्या आसपास असते. तिच्यावर पिशव्या, शाल, कुत्र्याचे केस काही नको. पंखा तिथूनच हवा ओढून बॅटरी थंड ठेवतो. ऑईलपेक्षा इंदूरची धूळ आणि ऊन खरं तिथे लागतं. बॅटरीवर टोयोटाची ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे, तेव्हा सफाई जॉबकार्डवर लिहूनच घ्या.

लोकमान्यनगरवाली
बघून आले. सासूबाईंची देवळाची पिशवी बरोब्बर तिच्यावरच ठेवलेली असते. काढली.